पुरात भिजलेलं सूत

मला विम्याच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांचा असा समज झाला, की आता कोणी मेलं की पैसे मीच आणून देणार. शेजारची म्हातारी तर मला पाहून जरा दचकायचीच. आमचा विमा माणसांचा नाही, घराचा, दुकानाचा, मालाचा आहे, आग लागली किंवा पूर आला किंवा वादळात छप्पर उडालं तर भरपाई मिळते, असं मी तिला नीट समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घराचा इमा? घर मरते काय वं?" मी हात टेकले.

तिला तरी काय दोष द्यायचा. माझे वडील कापडाच्या गिरणीत होते. गिरणीचा विमा असतो हे त्यांना ठाऊक होतं, पण गिरणीत राबणाऱ्याच्या घराचाही उतरवता येतो, हे त्यांच्या कानावर कधी कोणी घातलं नव्हतं. विमा म्हणजे शेटजींची भानगड. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने हा धंदा आपल्या हातात घेतला आणि वरून हुकूम सुटले, की खेड्यांत जा, लहान माणसापर्यंत पोचा. हुकूम काय, सुटतच असतात. पण रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात एक साहेब होते, त्यांनी तो हुकूम खरा मानला. त्यांच्या हाताखाली मी होते, म्हणून मलाही तो खरा मानावा लागला.

साहेब मूळचे वऱ्हाडातले. ऑफिसात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे आणि एसटी शहराबाहेर पडली की त्यांची भाषा आपोआप सैल व्हायची. बाराही महिने हातात छत्री. चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात हे असे साहेब. ते एक वाक्य पुरं करेपर्यंत माझ्या मनात दोन भांडणं होऊन जायची. नुकसान पाहायला कुणाच्या घरी गेलो की ते उंबऱ्याबाहेर चपला काढायचे, मग ते घर असो की कापसाच्या जिनिंगचं गोदाम. आणि काम झाल्याशिवाय त्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. उन्हातान्हात माझा जीव चहासाठी तळमळायचा आणि हे आपले हात जोडून म्हणायचे, "आता नको. काम झालं की घेऊ." काम कधी एका दिवसात झालंय? त्यामुळे चहा काही मिळायचा नाही.

विमा म्हणजे काय, हे ते प्रत्येकाला एकाच वाक्यात सांगायचे. "पुराच्या आधी तुम्ही जिथं होता, तिथं परत नेऊन ठेवायचं. त्याहून खाली नाही आणि त्याहून वरही नाही." आगीचा दावा असला तर पुराच्या जागी आग, बाकी वाक्य तेच. हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते "पुराच्या" म्हणाले की पुढचं मी ओठांतल्या ओठांत म्हणून टाकायचे. त्यांना ते कळत होतं.

खाप्याच्या विणकरांच्या सोसायटीचा विमा त्यांनीच उतरवून घेतला होता. कन्हान नदीच्या काठचं गाव, घरोघर हातमाग. सोसायटीने सभासदांचे माग आणि सूत आगीच्या पॉलिसीत घातलं होतं, आणि त्या पॉलिसीला पुराची जोड घ्या म्हणून साहेब तिथे दिवसभर ठाण मांडून बसले होते. आगीच्या विम्यातून पाण्याचे पैसे कसे मिळतील, हे काही कोणाला पटेना. शेवटी त्यांचा पिच्छा सुटावा म्हणूनच असेल, सोसायटीने हो म्हटलं.

आणि एका पावसाळ्यात कन्हान चढली. गावाचा नदीकडचा भाग पाण्यात गेला. माणसं वेळेवर उंचावर गेली म्हणून वाचली, पण पाणी घरांत चार-पाच दिवस तुंबून राहिलं. रस्ते मोकळे होऊन आम्ही खाप्याला पोचलो तोवर पूर ओसरून बरेच दिवस उलटले होते.

वाटेत एसटीत मी मनाची तयारी करत होते. चिखल असेल, वास असेल, बाया रडत असतील. आम्ही गल्लीत शिरलो आणि मी तोंडात बोट घातलं. भिंती चुन्याने पांढऱ्याशुभ्र. अंगणं सारवलेली, दारात रांगोळ्या. दोरीवर सुताच्या लड्या वाळत घातलेल्या, पाहत राहावं अशा. पुराचं नाव नाही की निशाण नाही. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या येऊन गेल्या होत्या ना! घरात महालक्ष्म्या बसायच्या आणि भिंतीला चिखल, हे कोणती बाई चालवून घेईल? त्यात पाहणीला सरकारी माणसं येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी पुन्हा एक हात सारवण झालं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी मोठ्या अभिमानाने आम्हाला म्हणाले, "पाहा साहेब, गाव कसं चकाचक करून ठेवलं."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग छत्रीकडे पाहिलं. पाणी कुठवर आलं होतं हे भिंतीवरच्या ओलीवरून ठरवायचं असतं. ती ओल चुन्याखाली गडप झाली होती.

बरं, भिंती जाऊ द्या. आम्हाला सूत पाहायचं होतं. माग लाकडाचे, ते वाळून पुन्हा उभे राहिले होते. खरं भांडवल म्हणजे सूत, आणि सोसायटीने वर्षाचं सूत पावसाळ्याच्या तोंडावरच घरोघर वाटलेलं. पुरात ते सगळंच्या सगळं बुडालं होतं. पहिल्या घरी साहेबांनी विचारलं, "सूत किती खराब झालं?" उत्तर आलं, "नाई झालं." दुसऱ्या घरी, "आमचं तं एकदम अच्छं हाय." तिसऱ्या घरी एकाने लडी काढून साहेबांच्या नाकासमोर धरली आणि तिच्या चमकेचं कौतुक सांगू लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. यांनीच नुकसान झालं म्हणून अर्ज केला, यांच्यासाठी आम्ही धक्के खात आलो, आणि हे आम्हालाच माल चांगला असल्याचं पटवून देत होते!

मग आम्ही गल्लीच्या टोकाच्या घरी गेलो. तिथे पन्नाशीची एक बाई एकटीच राहत होती. नवरा गेल्यावर ती त्याच्या मागावर बसली होती, आणि तिच्या लुगड्यांचे काठ बाजारात ओळखले जात, असं सेक्रेटरींनीच आम्हाला वाटेत सांगितलं होतं. मुलगा कन्हान गावाला कोळशाच्या खाणीत. पूर आल्यापासून तो एकच धोशा लावून बसला होता, माग विकून टाक आणि माझ्याकडे ये. या हंगामात मागावरून माल उतरला नाही तर त्याचं ऐकावं लागेल, हे तिने आम्हाला सांगितलं. आणि लगेच पुढे म्हणाली, "पण तसं काई होत नाई. सूत चांगलं हाय माह्यं."

"चार-पाच दिवस पाण्यात होतं म्हणतात ना?" साहेब म्हणाले.

"होतं. मंग धुतलं, खळ लावली, वाळवलं. कायले खराब होते? हात लावून पाहा न. चहा मांडू काय?"

"आता नको माय. काम झालं की घेतो."

आम्ही बाहेर कडुनिंबाखाली येऊन उभे राहिलो. मी म्हटलं, "साहेब, नुकसान नाही असं लिहा आणि चला. स्वतःच्या तोंडाने सांगताहेत सगळे. आपल्याला काय पडलंय?"

साहेब नेहमीप्रमाणे जरा वेळाने बोलले. "बाई, या गावात आजवर पिशवी घेऊन बाहेरून जो कोणी आला, तो व्यापारी होता. तो लडी उलगडून पाहतो, खोट शोधतो आणि भाव पाडतो. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यापासून खोट झाकत आलेत. आज आपण आलो, आपल्याही हातात पिशवी आहे. खोट दाखवा म्हणजे पैसे मिळतील, असं आपण म्हणतो. तुम्ही असता तर विश्वास ठेवला असता का?"

मी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि ती पाठीमागे घेतली.

"पण खराब आहेच, हे तरी कशावरून?" मी विचारलं.

"ते मला नाही कळत. तुम्हालाही नाही कळत. मागाला कळेल."

आम्ही परत आत गेलो. धुतलेल्या सुताचे उभे धागे तिने मागावर ताणून बसवलेलेच होते. साहेब जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "माय, या सुताचं थोडं विणून दाखवता काय?"

ती एकदम थबकली. विणकराला विणून दाखव म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, पदर खोचला आणि धोटा फेकला. आडवा धागा घेऊन धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे सर्रकन जायला हवा. तो गेला, फणी ठोकली गेली, आणि मध्येच कुठेतरी एक उभा धागा तुटला. तिने तो इतक्या चपळाईने सांधला, की गाठ तिच्या अंगठ्याखाली कधी गेली ते मला दिसलंही नाही. पुन्हा धोटा, पुन्हा ठोका. या वेळी दोन धागे तुटले. तिने सांधले. हात हळू केला, ठोका हलका केला. धाग्यांवर पाणी शिंपडलं. तरी धागे तुटतच राहिले. तुटताना आवाजही येत नव्हता, नुसते लोंबू लागत.

माझा राग कुठल्या कुठे गेला होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, कारण आम्ही पाहतोय म्हणून ती थांबू शकत नव्हती. इतकी चांगली कारागीर, आणि परक्या माणसांपुढे तिच्या हातून गाठीगाठींचं कापड उतरत होतं. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. दारात शेजारच्या दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी तिने धोटा बाजूला ठेवला. हात मांडीवर घेतले.

"साहेब," ती म्हणाली, "हे सूत मेलं हाय."

साहेबांनी मान हलवली. "हेच ऐकायले आलो होतो माय. तुमच्या तोंडून. मी काही माल घ्यायले नाही आलो. पुराच्या आधी तुमी जिथं होत्या, तिथं परत नेऊन ठेवाचं, एवढंच माह्यं काम हाय."

या वेळी मी ओठांतल्या ओठांत म्हटलं नाही. मी तिच्याकडे पाहत होते. ती रडली नाही. तिने दारातल्या बायांकडे पाहून जरा जोरात म्हटलं, "काहून उभ्या हा वं? सांगा नं जाऊन आपापल्या घरी. व्यापारी नाई हाय हा माणूस."

मग गल्ली उघडली. ज्याने लडी नाकासमोर धरली होती तोच ती घेऊन धावत आला आणि साहेबांसमोर तोडून दाखवू लागला. आतल्या खोल्यांतून काळी पडलेली बोचकी निघाली. कडुनिंबाच्या बेचक्यात अडकलेला पुराचा काडीकचरा एका म्हाताऱ्याने काठीने दाखवला. झाडाला काही कोणी चुना लावला नव्हता, त्यामुळे पाणी कुठवर आलं तेही कळलं. दुपारभर माझा हात लिहून लिहून मोडला आणि साहेब घराघरांतून चपला काढत आणि घालत हिंडले.

निघताना ते पुन्हा टोकाच्या घरी आले. मागावर विणलेलं ते वीतभर कापड त्यांना हवं होतं, वरच्या ऑफिसात दाखवायला. हे ऐकून तिचा चेहरा पडला. तोवर तिने सगळं धीराने घेतलं होतं, पण ते कापड द्यायचं तिच्या फार जिवावर आलं.

"हे कोनाले दाखवता साहेब? माह्या हातचं म्हनून हे दाखवता?"

"दाखवावं लागंन माय."

तिने कापून दिलं. देताना गाठींची बाजू आत घेऊन घडी घातली.

वरच्या ऑफिसातून अपेक्षेप्रमाणे शंका निघाली. घरं स्वच्छ, भिंती पांढऱ्या, पहिल्यांदा विचारलं तेव्हा सभासद स्वतःच माल चांगला आहे म्हणाले, मग नुकसान कसलं? प्रकरण लोंबकळत पडलं. मी दर सोमवारी त्यावरून कुरकुर करायचे. साहेब एक दिवस छत्री घेऊन स्वतःच वर गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंत? म्हणाले, "काही नाही. कापड त्यांच्या हातात दिलं आणि दोन्ही टोकं धरून हलकेच ओढायला सांगितलं." त्या कापडाला आता मधोमध एक चीर होती. दावा मंजूर झाला होता.

तेव्हा मला काय वाटलं ते लिहिते, कारण साहेबांना मी कधी सांगितलं नाही. मला त्या माणसाचा अभिमान वाटला. आणि ऑफिसचाही वाटला, त्या कळकट पंख्यांच्या, धूळ खाणाऱ्या कपाटांच्या ऑफिसचा. शेटजींच्या गोदामासाठी उभं राहिलेलं हे अवजड यंत्र आता खाप्याच्या गल्लीतल्या एका बाईच्या सुतासाठी हललं होतं. संथ हललं, पण हललं. त्या रात्री जेवताना मी वडिलांना हे सगळं सांगितलं. ते हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "आपल्या घराचाही उतरवतात का गा ते?" चुकून मला पोरासारखं 'गा' म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी माहिती घेऊन आले.

सोसायटीला नवं सूत मिळालं. नंतर मधे एक उन्हाळा गेला, आणि एके दिवशी ती बाई आमच्या ऑफिसच्या दारात उभी! एकटीच एसटीने आली होती. शिपाई तिला अडवत होता आणि ती त्याला सांगत होती, "छत्रीवाले साहेब हायेत नं, त्यायले भेटाचं हाय."

मी तिला आत आणलं. माग विकला का, हे विचारायची माझी हिंमत होईना. ती खुर्चीवर बसली नाही.

"साहेब, तो माह्या तुकडा वापस द्या."

साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, तो फायलीत लागला आहे, आता तो सरकारचा झाला, काढता येत नाही. मी कपाटातून फाईल काढून दाखवली. पिवळट कागदांत टाचलेलं ते गाठीगाठींचं, चिरलेलं कापड पाहून तिने मान फिरवली.

"मले मालूम होतं, देत नाई म्हनून." तिने पदराची गाठ सोडली आणि आतून एक घडी काढली. तेवढंच वीतभर कापड, तसाच काठ. एकही गाठ नाही. बोट फिरवलं तर धागा जाणवू नये, इतकं दाट. "मंग हे बी लावा त्याच्यासंगं. सरकारात माह्या हातचं पडून राहाचं असंन, तं नुसतं तेच काहून राहावं?"

म्हणजे माग चालू होता. तिच्या मागणीत नियमात बसेल अशी एकही गोष्ट नव्हती. बंद झालेल्या प्रकरणात असं काही लावता येत नाही, हे मलासुद्धा कळत होतं, आणि साहेब तर नियमांचे पक्के. ते नेहमीप्रमाणे वेळ लावू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मलाही घाई नव्हती.

"बाई," शेवटी ते मला म्हणाले, "टाचणी आहे का?"

"टाचनी नका लावू," ती म्हणाली, "छिद्र पडते." तिने कापडाच्या कडेचा एक धागा अलगद ओढून काढला, माझ्याकडून सुई मागून घेतली आणि टेबलाशी वाकून नवा तुकडा जुन्याच्या वर स्वतःच शिवला. साहेबांनी पेन उघडलं आणि त्याखाली सावकाश लिहिलं. ती मला विचारू लागली, "काय लिवलं वं?"

मी वाचून दाखवलं, "पुराच्या आधी जिथं होत्या, तिथं परत."

तिने ते ऐकलं. मग वाकून आपल्या कापडाच्या काठावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि मान हलवली.

"नाई साहेब. तवाच्या परीस हे बरं जमलं हाय."

साहेबांनी मिटलेलं पेन पुन्हा उघडलं. लिहिलेल्या ओळीवर ते धरून थोडा वेळ तसेच बसले. मग काही न खोडता त्यांनी फाईल बंद केली, तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि शिपायाला हाक मारून तीन चहा सांगितले.